घरी बांधलेल्या किट कारचा स्टिअरिंग रॅक बदलताना : आधी मोजमाप, मग कापणी

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात स्वतः मोटार बांधण्याची परंपरा जुनी आहे. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या स्वरूपात विकत घेऊन घरी जोडली, तर त्या काळचा खरेदी कर वाचत असे. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि पुढे त्याच घाटाची, पण जुन्या फोर्डच्या स्वस्त भागांवर उभी राहणारी ‘लोकॉस्ट’ ही गाडी अनेक गॅरेजांत तयार होऊ लागली. तिची चॅसी (सांगाडा) चौकोनी पाइपांची असते, पुढचे अपराइट (चाकाचा हब धरणारे उभे भाग) बहुतेक वेळा फोर्ड कॉर्टिनाचे असतात, विशबोन, म्हणजे अपराइटला चॅसीशी जोडणारे त्रिकोणी हात, बांधणाऱ्याने स्वतः वेल्डिंग केलेले असतात आणि स्टिअरिंग रॅक, म्हणजे नळीत डावी-उजवीकडे सरकून चाके वळवणारा दातेरी दांडा, फोर्ड एस्कॉर्ट मार्क २ मधून काढलेला असतो.

हे सगळे भाग आपापल्या मूळ गाडीत उत्तम काम करत होते, पण ते एकमेकांसाठी बनलेले नाहीत. एस्कॉर्टच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक शोषक एकत्र असलेले उभे दांडे) होते आणि तिच्या रॅकची लांबी त्या रचनेसाठी ठरवलेली होती. लोकॉस्टला वरखाली दोन विशबोन असतात, त्यामुळे तोच रॅक जसाच्या तसा बसवला, तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात चाक वरखाली होताना आपोआप थोडे वळते. चालकाने स्टिअरिंग सरळ धरलेले असते आणि गाडी मात्र स्वतःच दिशा बदलते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. रॅकमध्ये बदल करावा लागतो तो मुख्यतः हा दोष काढण्यासाठी. स्टिअरिंग झटपट वळावे ही इच्छा त्यानंतर येते, आणि माझ्या मते तिला दुसरेच स्थान द्यावे.

पुढील माहिती याच प्रकारच्या, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीला धरून लिहिली आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून बदल करण्यावर कडक बंधने आहेत, म्हणून इथले वर्णन रस्त्यावरच्या भारतीय गाडीला लावू नये. मात्र ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेसाठी स्वतःची गाडी बांधणाऱ्या महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपुढे रॅकची लांबी जुळवण्याचा हाच प्रश्न येतो. भूमितीचा भाग त्यांनाही तसाच लागू पडेल.

रॅक कुठे असायला हवा, हे आधी काढा

कापायला घेण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित झाल्या पाहिजेत : दोन्ही टोकांच्या आतल्या बॉल जॉइंटच्या केंद्रांमधले अंतर किती हवे, आणि ती केंद्रे जमिनीपासून किती उंचीवर हवीत. रॅकच्या नळीची लांबी किंवा टाय रॉडची (रॅकच्या टोकापासून अपराइटपर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी ही यातून निघणारी दुय्यम मापे आहेत. अनेक जण नळीची लांबी मोजून त्यावरच निर्णय घेतात. तसे करू नये, कारण टाय रॉड ज्या बिंदूभोवती फिरतो तो बिंदू बॉल जॉइंटच्या आत असतो, नळीच्या टोकाला नसतो.

गाडी सपाट फरशीवर, स्टँडवर, प्रत्यक्ष चालताना असेल त्या उंचीवर ठेवा. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर काढून त्यांच्या जागी, दोन्ही टोकांना भोके पाडलेली तेवढ्याच लांबीची लोखंडी पट्टी बसवा, म्हणजे विशबोन चालत्या स्थितीत पक्के राहतात. चॅसीच्या मध्यरेषेवर ओळंबा सोडून फरशीवर खडूने रेघ आखा. आता एका बाजूचे पाच बिंदू मोजा : वरच्या विशबोनचा आतला पिव्हट (ज्याभोवती तो फिरतो तो सांधा), खालच्या विशबोनचा आतला पिव्हट, वरचा बॉल जॉइंट, खालचा बॉल जॉइंट आणि अपराइटच्या स्टिअरिंग आर्मवर बसणाऱ्या टाय रॉड एन्डचे केंद्र. प्रत्येकाचे मध्यरेषेपासूनचे आडवे अंतर आणि फरशीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. विशबोनचे पिव्हट पुढेमागे तिरके असतील, तर पिव्हटच्या अक्षावरचा जो बिंदू बॉल जॉइंटच्या समोर येतो, तो धरावा. दुसरी बाजूही मोजा. घरी वेल्डिंग केलेल्या चॅसीत डाव्या-उजव्या बाजूंत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज निघतो, आणि तो आताच कळलेला बरा.

ही मापे प्लायवुडच्या मोठ्या तुकड्यावर पूर्ण आकारात काढता आली तर सर्वांत चांगले. संगणकावर काढली तरी चालतील. वरच्या विशबोनची रेषा आणि खालच्या विशबोनची रेषा गाडीच्या आतल्या दिशेने वाढवत न्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात, त्या क्षणिक केंद्राभोवती चाक त्या क्षणी वरखाली फिरत असते. आता टाय रॉड एन्डच्या केंद्रापासून त्या छेदबिंदूकडे रेषा काढा. टाय रॉड या रेषेवर असला पाहिजे. मग विशबोनचे दोन्ही आतले पिव्हट जोडणारी रेषा काढा. ती रेषा आणि टाय रॉडची रेषा जिथे भेटतात, तिथे आतल्या बॉल जॉइंटचे केंद्र हवे. मध्यरेषेपासून त्या बिंदूच्या अंतराची दुप्पट म्हणजे हव्या असलेल्या रॅकची लांबी.

टाय रॉड एन्ड जेव्हा वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटना जोडणाऱ्या रेषेवरच असतो, तेव्हा हा नियम जवळजवळ अचूक बसतो. तो त्या रेषेपासून आत किंवा बाहेर असेल, तर आतले केंद्रही साधारण तेवढेच त्याच दिशेने सरकवावे लागते, म्हणजे टाय रॉडची लांबी कायम राहते. कागदावरचे उत्तर हा आरंभबिंदू समजावा. अंतिम निर्णय पुढे सांगितलेली गाडीवरची चाचणी देईल, आणि म्हणूनच कापण्याच्या आधी एकदा तात्पुरती जुळणी करून पाहणे मी आवश्यक मानतो. त्यासाठी खऱ्या रॅकची गरज नाही. चॅसीवर आडवा अँगल क्लँप करा, त्यावर हव्या त्या जागी दोन साधे रॉड एन्ड बोल्टने बसवा, त्यांना हव्या त्या लांबीचे टाय रॉड जोडा आणि चाक वरखाली करून पाहा. अँगलला भोक पाडायला पाच मिनिटे लागतात. कापलेला रॅक पुन्हा लांब होत नाही.

वाढवावा की कापावा

समजा, तुमच्या रॅकच्या आतल्या जॉइंटमधले अंतर ६१० मिलिमीटर आहे आणि आराखडा ५६० सांगतो. म्हणजे ५० मिलिमीटर कमी करायचे आहेत. आराखड्याने जास्त लांबी मागितली, तर काम सोपे असते. दांड्याचे टोक आणि आतला बॉल जॉइंट यांच्यामध्ये बसणारे, एका टोकाला आतून आणि दुसऱ्या टोकाला बाहेरून आटे असलेले तयार जोडतुकडे ब्रिटनमधल्या किट कारच्या दुकानांत मिळतात. ते दोन्ही बाजूंना समान लांबीचे घ्यावेत, आट्यांच्या व्यासाइतकी तरी लांबी आत गेली पाहिजे आणि प्रत्येक जोडाला स्वतंत्र लॉकनट हवा. एका बाजूला दोन तुकडे एकापुढे एक जोडून काम भागवू नये. जोडतुकड्यामुळे दांड्याचे टोक नळीतल्या बुशपासून (आधाराच्या कडीपासून) अधिक बाहेर येते आणि टाय रॉडच्या तिरक्या दाबाने त्यावर वाकवणारा जोर वाढतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला फार मोठी वाढ करण्यापेक्षा मूळचाच लांब रॅक शोधावा.

लांबी कमी करणे हे अवघड काम आहे, आणि त्यातला पहिला नियम निरपवाद आहे : दातेरी दांडा मधोमध कापून वेल्डिंगने जोडायचा नाही. हा दांडा मध्यम कार्बनच्या पोलादाचा असतो आणि त्याचे दात तापवून कडक केलेले असतात. वेल्डिंगच्या कडेला असे पोलाद ठिसूळ होते, आतून भेग जाते आणि ती बाहेरून दिसत नाही. चांगल्या वेल्डरने, चांगल्या रॉडने, आधी तापवून केले तरी मी असा दांडा रस्त्यावरच्या गाडीत बसवणार नाही, आणि कोणी तो विकत देऊ केला तरी घेऊ नये. टाय रॉड आणि स्टिअरिंग आर्म यांनाही हाच नियम लागू आहे : त्यांना वेल्डिंग करू नये आणि तापवून वाकवू नये.

दांडा टोकाकडून कापायचा आणि नव्या टोकावर आटे पाडायचे, हीच एक मान्य पद्धत आहे. इथे रॅकची रचना आपल्याला मर्यादा घालते. दात पिनियनच्या, म्हणजे स्टिअरिंगने फिरून दांडा सरकवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या, बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूचा दांडा साधा, गोल असतो. दातांच्या बाजूने कापले, तर पूर्ण वळण घेण्याआधीच आतला बॉल जॉइंट पिनियनच्या घरावर आपटेल. म्हणून सगळी काट साध्या बाजूने करावी लागते. त्याचा परिणाम असा, की नवा रॅक चॅसीच्या मधोमध बसवल्यावर पिनियन मूळ जागेपेक्षा कापलेल्या लांबीच्या निम्म्याने मध्यरेषेकडे सरकतो. वरच्या उदाहरणात तो २५ मिलिमीटर आत येईल. स्टिअरिंग व्हीलपासून खाली येणाऱ्या दांड्याचा, म्हणजे कॉलमचा, कोन आणि इंजिनच्या पुढच्या पुलीपासूनचे अंतर या २५ मिलिमीटरने बिघडू शकते, तेव्हा पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा पिनियन तात्पुरता बसवून आधीच पाहून घ्यावे.

सोडवणे आणि कापणे

रॅक बाहेर काढून स्वच्छ धुवा. पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा. एस्कॉर्टच्या मूळ रॅकला साधारण साडेतीन फेरे लागतात. निम्मे फेरे मागे आणले की दांडा मध्यावर येतो. त्या स्थितीत पिनियनवर आणि घरावर सेंटर पंचने समोरासमोर खूण करा, आणि दांडा दोन्ही बाजूंना नळीबाहेर किती येतो हे व्हर्निअरने मोजून लिहा.

रबरी बूट (सांध्यावरचे आवरण) काढल्यावर आतला बॉल जॉइंट दिसेल. एस्कॉर्टच्या रॅकमध्ये बॉल जॉइंटचे घर आणि त्याचा लॉकनट यांच्या सांध्यावर एक छोटी पिन ठोकलेली असते. ग्रीस नीट पुसल्याशिवाय ती दिसत नाही. तिचे निम्मे डोके लॉकनटवर आणि निम्मे घरावर असते, आणि वर्षानुवर्षांच्या मळाने ती सपाट होऊन गेलेली असते. ती ड्रिल करून काढल्याशिवाय पान्ह्याला जोर लावू नये, नाहीतर आटे फाटतात. घर उघडताना आतली स्प्रिंग आणि बॉलची बैठक बाहेर येते. ती कोणत्या क्रमाने बसली होती याचा फोटो घेऊन ठेवा.

मग पिनियनसमोरचे झाकण उघडा. त्याच्याखाली स्प्रिंग आणि दांड्याला पिनियनवर दाबून ठेवणारा सरकता ठोकळा असतो. झाकणाखालच्या आणि पिनियनच्या बेअरिंगखालच्या शिम (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या तारेत ओवून, चिठ्ठी लावून ठेवा. त्या एकमेकींत मिसळल्या तर पुढची जुळणी निष्कारण लांबते. पिनियन काढल्यावर दांडा नळीतून सरकवत बाहेर घ्या. दातांच्या पृष्ठावर खड्डे पडलेले असतील, मधल्या दातांची झीज कडेच्या दातांपेक्षा डोळ्यांना दिसण्याइतकी जास्त असेल, किंवा बुशजवळच्या भागावर गंजाने खळगे पडले असतील, तर तो रॅक कापण्याच्या लायकीचा नाही. मधले दात सर्वांत जास्त झिजतात, कारण गाडी बहुतांश वेळ सरळच चालते. अशा रॅकमध्ये मध्यावरची ढिलाई काढायला गेले, की कडेला स्टिअरिंग जड होते.

लेथवर नेण्यापूर्वी साध्या टोकाची कठीणता कानशीने तपासा. नवी, बारीक दात्यांची कानस घेऊन आधी दांड्याच्या दातांजवळच्या भागावर हलकेच ओढा : ती चावत नाही, काचेवरून सरकावी तशी सरकते. आता जिथे नवे आटे पडायचे आहेत तिथे ओढा. कानस धरली आणि बारीक चकचकीत चूर निघाला, तर तो भाग लेथच्या हत्याराला दाद देईल. तिथेही ती सरकली, तर दांडा पूर्ण लांबीत कडक केलेला आहे. अशा वेळी गॅसच्या ज्योतीने टोक मऊ करण्याचा मोह टाळावा, कारण उष्णता दांड्यातून दातांपर्यंत जाते आणि किती गेली हे नंतर कळत नाही. असा दांडा रॅकचे काम करणाऱ्या कारखान्याकडे सोपवावा.

कापताना पाण्याची किंवा कटिंग ऑइलची धार सतत चालू ठेवा. हाताला सोसवणार नाही इतका दांडा तापता कामा नये. टोकाचा व्यास मूळ टोकाच्या मापाने उतरवा आणि आटे लेथवरच पाडा. हाताच्या डायने पाडलेले आटे किंचित तिरके येतात, आणि मग बॉल जॉइंट दांड्याच्या रेषेत न राहता प्रत्येक वळणावर त्याला वाकवत राहतो. आटे जिथे संपतात आणि पूर्ण व्यास सुरू होतो तिथे तीक्ष्ण कोपरा सोडू नका. गोल नाकाच्या हत्याराने तिथे वक्र द्या, कारण थकव्याची भेग अशाच कोपऱ्यातून सुरू होते. मूळ टोकात स्प्रिंगसाठी खोलगट जागा असेल, तर नव्या टोकातही ती तेवढ्याच व्यासाची आणि तेवढ्याच खोलीची हवी. आट्यांची लांबीही मूळ टोकाइतकीच ठेवा, म्हणजे लॉकनटला पूर्ण जागा मिळते.

तयार दांड्याची चुंबकीय कणांची भेग-तपासणी करून घ्या. इंजिनचे क्रँकशाफ्ट तपासणारे कारखाने ही तपासणी करतात, आणि तिचा खर्च या सगळ्या कामाच्या तुलनेत किरकोळ असतो. लेथ स्वतःकडे नसेल, किंवा असूनही आटे पाडण्याचा सराव नसेल, तर मोजमाप आणि जुळणी स्वतः करून फक्त दांड्याचे काम जाणकाराकडे द्यावे. मोजमापच खरे तुमच्या गाडीचे असते. आटे कोणीही कुशल टर्नर पाडू शकतो.

नळी साध्या बाजूने तेवढीच कमी करायची. कापण्यापूर्वी टोकाचे बुश काढा, आणि नळीला त्याला धरून ठेवणारी भोके किंवा खळगे असतील तर नव्या टोकावर ते त्याच अंतरावर पुन्हा करा. बूट अडकण्यासाठी टोकाला खोबण असेल, तर तीही करावी लागेल. कापलेली कड आतून कानसून, बोटाला लागणार नाही इतकी गुळगुळीत करा, नाहीतर ती पहिल्याच जोडणीत नव्या बुशला खरवडेल. कापून झाल्यावर नळी आतून केरोसीनने धुऊन, कापड ओढून, पोलादाचा कण न कण बाहेर काढा.

जोडताना मूळ शिमपासून सुरुवात करा. सरकत्या ठोकळ्याचा दाब इतका हवा, की पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडकता फिरेल आणि मध्यावर दांडा वरखाली हलवला तर खडखड होणार नाही. अचूक आकडा त्या रॅकच्या कार्यशाळा-पुस्तिकेत दिलेला असतो. स्प्रिंग बॅलन्स आणि दोरी वापरून तो मोजता येतो. बॉल जॉइंट घट्ट केल्यावर जुन्या पिनच्या भोकावर विसंबू नका. सांध्यावर नव्या जागी भोक पाडून नवी पिन ठोका आणि तिच्यावर कडेचा धातू पंचने दाबून घ्या.

वेगवान रॅक घ्यावा का

एस्कॉर्टच्या घरात बसणारे, टोकापासून टोकापर्यंत सुमारे अडीच फेऱ्यांचे दांडा-पिनियन संच मिळतात, आणि रॅक उघडलेला असतानाच ते बसवण्याचा विचार येणे स्वाभाविक आहे. हिशोब असा आहे : दांड्याची एकूण सरक १४० मिलिमीटर धरली, तर साडेतीन फेऱ्यांच्या रॅकमध्ये एका फेऱ्याला ४० मिलिमीटर पडतात आणि अडीच फेऱ्यांच्या रॅकमध्ये ५६. म्हणजे हाताला लागणारा जोर ४० टक्क्यांनी वाढतो. पाचशे-सहाशे किलोच्या गाडीत हे सहन होते, आणि वळणावर हात न उचलता स्टिअरिंग करता येण्याचे सुख खरे आहे. पण लहान व्यासाचे स्टिअरिंग व्हील, रुंद टायर आणि जास्त कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) या तिन्हींच्या जोडीला वेगवान रॅक आला, तर पार्किंग करताना खांदे दुखतील. शिवाय बंप स्टिअर शिल्लक असेल, तर वेगवान रॅकमध्ये त्याचा प्रत्येक धक्का हाताला अधिक जोराने जाणवतो. म्हणून आधी भूमिती सुधारावी, मूळ वेगाच्या रॅकवर गाडी चालवून पाहावी, आणि मगच हा खर्च करावा.

चॅसीवर बसवणे

एस्कॉर्टमध्ये रॅक रबराच्या वेढ्यात धरलेला असतो. हलक्या गाडीत हे रबर दाबले जाऊन स्टिअरिंगला विलंब आणते, म्हणून बहुतेक जण अ‍ॅल्युमिनियमचे घट्ट क्लँप लावतात आणि ते योग्यच आहे. मात्र क्लँप नळीला चेपेल इतका आवळू नये. आवळण्याआधी आणि नंतर पिनियन फिरवून पाहिला, तर फरक लगेच हाताला कळतो. ज्या ब्रॅकेटवर क्लँप बसतात ती किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि आडव्या दिशेने त्रिकोणी आधार दिलेली असावीत. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने ब्रॅकेटवर बोट ठेवून पाहावे. बोटाला किंचितही हालचाल लागली तर ब्रॅकेट अपुरे आहे. ब्रॅकेटचे वेल्डिंग रॅक जागेवर असताना करू नका, कारण त्याची आच बुश आणि बूट खराब करते. सुरुवातीलाच रॅकखाली ३-४ मिलिमीटर शिमची जागा ठेवा, म्हणजे पुढे तो वर आणि खाली दोन्हीकडे हलवता येईल.

पिनियनपासून कॉलमपर्यंत बहुधा दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरणे पुढे नेणारे सांधे) लागतात. एकटा जॉइंट ३० अंशांच्या कोनात फिरला, तर बाहेर जाणारा वेग एकाच फेऱ्यात मूळ वेगाच्या ०.८७ पट ते १.१५ पट असा कमीजास्त होत राहतो, आणि स्टिअरिंग काही ठिकाणी हलके, काही ठिकाणी जड लागते. दोन्ही जॉइंटचे कोन समान ठेवले आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे एकाच प्रतलात बसवले, तर एकाचा दोष दुसरा काढून टाकतो. काटे ९० अंशांनी चुकले तर दोष दुप्पट होतो. तीन जॉइंट लागत असतील, तर मधल्या शाफ्टला स्वतंत्र बेअरिंगचा आधार द्यावा. पिंच बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे, म्हणजे तो सैल झाला तरी जॉइंट निसटणार नाही. अपघातात दबणारा कॉलम हवा म्हणून अनेक बांधणारे फोर्ड सिएराचा कॉलम वापरतात. तो बसवताना त्याचा दबणारा भाग वेल्डिंगने किंवा जादा ब्रॅकेटने अडवू नये.

गाडीवरची चाचणी

स्प्रिंगऐवजी लावलेली पट्टी आता काढा, स्टिअरिंग मध्यावर पक्के बांधा आणि चाकाऐवजी हबवर साधारण ४०० मिलिमीटर रुंदीचा सपाट पत्रा किंवा जाड प्लायवुड बोल्टने लावा. त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज टेकवा. खालच्या विशबोनखाली जॅक ठेवून हब चालत्या उंचीपासून ५० मिलिमीटर वर आणि ५० खाली न्या, आणि दर १० मिलिमीटरला दोन्ही गेजची नोंद घ्या. दोन्ही नोंदींमधला फरक म्हणजे चाकाचे वळणे. तो आलेखावर मांडा.

आलेखाचा आकारच दोष सांगतो. चाक वर जाताना एका दिशेने आणि खाली जाताना उलट दिशेने वळत असेल, तर रॅकची उंची चुकली आहे. स्टिअरिंग आर्म अ‍ॅक्सलच्या पुढे असलेल्या गाडीत, वर जाताना टो-आउट (चाकाची पुढची कड बाहेर) होत असेल तर रॅक जास्त उंच आहे, टो-इन (पुढची कड आत) होत असेल तर जास्त खाली आहे. आर्म मागे असतील तर हे उलट वाचावे. चाक वर जाताना आणि खाली जातानाही एकाच दिशेने वळत असेल, तर लांबी चुकली आहे. आर्म पुढे असताना दोन्हीकडे टो-इन म्हणजे आतले जॉइंट एकमेकांपासून फार दूर आहेत आणि टाय रॉड आखूड पडतो. दोन्हीकडे टो-आउट म्हणजे ते फार जवळ आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही दोष मिसळलेले असतात. आधी शिम घालून किंवा काढून उंची सुधारा. त्यानंतर जो वक्र उरेल तो लांबीचा.

रस्त्यावरच्या गाडीसाठी, चालत्या उंचीच्या २५ मिलिमीटर वर आणि २५ खाली या टप्प्यात एका चाकाचे वळणे ०.१ अंशाच्या आत, म्हणजे ४०० मिलिमीटरच्या पत्र्यावर सुमारे ०.७ मिलिमीटरच्या आत आले, की मी काम पुरे समजतो. त्यापलीकडे, टोकाच्या हालचालीत थोडा दोष राहिला तरी चालतो. तो नक्की किती आहे हे माहीत असणे महत्त्वाचे.

ही चाचणी तात्पुरत्या अँगलवर एकदा आणि खऱ्या रॅकवर पुन्हा एकदा करावी, आणि दोन्ही बाजूंनी करावी. एका बाजूचा आलेख घेऊन दुसरी तशीच असेल असे गृहीत धरणे घरी बांधलेल्या चॅसीच्या बाबतीत धोक्याचे आहे.

पूर्ण वळण आणि परत येणे

चाके लावून, गाडी पूर्ण वर, पूर्ण खाली आणि चालत्या उंचीवर अशा तिन्ही स्थितींत स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पाहा. टायर विशबोनला किंवा मडगार्डला घासू नये, ब्रेकची नळी ताणली जाऊ नये, आणि टाय रॉड एन्डचा बॉल त्याच्या घराच्या कडेला अडकू नये. काही अडत असेल, तर बुटाच्या आत दांड्यावर दुभंगी कॉलर बसवून सरक मर्यादित करावी. दोन्ही बाजूंना समान जाडीची कॉलर लागते. एकाच बाजूला लागत असेल, तर रॅक मध्यावर बसलेला नाही.

रॅक पुढेमागे सरकवल्याने आतल्या आणि बाहेरच्या चाकाच्या वळण्यातला फरक बदलतो. आर्म पुढे असलेल्या गाडीत रॅक टाय रॉड एन्डच्या रेषेपेक्षा मागे, अ‍ॅक्सलच्या बाजूला ठेवला, तर वळणाच्या आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळते आणि सावकाश वळताना टायर फरफटत नाहीत. म्हणून जागा असेल तर रॅक थोडा मागे घ्यावा. पुढे मात्र नेऊ नये.

ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’ तपासणी पार करावी लागते. २००९ पासून ही पद्धत आधीच्या एसव्हीए (सिंगल व्हेइकल अप्रूव्हल) तपासणीच्या जागी आली. तीत स्टिअरिंग वळवून सोडल्यावर ते मध्याकडे परत येते का, हे पाहिले जाते, आणि कॉर्टिनाचे अपराइट लावलेल्या अनेक गाड्या इथेच अडखळतात. रॅकचे घर्षण हे त्याचे एक कारण असते : सरकता ठोकळा जास्त आवळलेला, क्लँपने चेपलेली नळी, ताठ बॉल जॉइंट किंवा चुकलेले युनिव्हर्सल जॉइंट. ती सगळी आधी तपासावीत. त्यानंतर कॅस्टरकडे वळावे. या प्रकारच्या गाडीत तो ५ अंशांच्या आसपास असेल तर स्टिअरिंग स्वतःहून परतण्याची शक्यता बरी असते. कॅस्टर बदलला की टाय रॉड एन्डची उंचीही बदलते, म्हणून त्यानंतर बंप स्टिअरची चाचणी पुन्हा करावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये.

सगळे ठरल्यावर टो-इन बसवताना दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, म्हणजे रॅक मध्यावर राहील आणि दोन्हीकडे वळण समान मिळेल. प्रत्येक टाय रॉड एन्डमध्ये आट्यांच्या व्यासाच्या दीडपट लांबी गेलेली असावी. बूट शेवटी बसवा, टाय रॉड फिरवल्याने त्यांना पीळ पडला असेल तर तो काढूनच क्लिप आवळा. बॉल जॉइंट, टाय रॉड, युनिव्हर्सल जॉइंट आणि रॅकचे क्लँप यांच्या प्रत्येक नटावर रंगाची एक बारीक रेघ नटापासून बोल्टपर्यंत ओढून ठेवा, आणि विमा कंपनीला रॅकमध्ये केलेला बदल लेखी कळवा. पहिल्या ५० मैलांनंतर आणि पुन्हा ५०० मैलांनंतर गाडी स्टँडवर घेऊन त्या रेघा पाहाव्यात. एखादी रेघ तुटलेली दिसली, तर तो नट नुसता आवळून सोडून न देता, त्या जोडाचे आटे, पिन आणि बुश उघडून तपासावेत, आणि ते होईपर्यंत गाडी चालवू नये.